थिन क्लायंट: दुपारी गोठतात, रीबूट केलं की लॉग गायब, आणि साफसफाईची स्क्रिप्ट लावल्यावर अजूनच बिघडलं

खटपट्या | सोमवार, सकाळी १०:४२

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आता स्वतःवरच आलंय म्हणून धागा काढतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझ्या अंगावर १६० थिन क्लायंट (सर्व्हरवरचा डेस्कटॉप दाखवणारी छोटी मशीनं) आहेत. त्यातले ११० विंडोज १० आयओटी एंटरप्राइजवर, ४ जीबी रॅम, ३२ जीबीची ईएमएमसी (फ्लॅश डिस्क), आणि यूडब्ल्यूएफ म्हणजे तो युनिफाइड राइट फिल्टर चालू (डिस्कवरचं लिखाण अडवून वेगळं ठेवतो, रीबूटला ते पुसलं जातं). उरलेले ५० लिनक्सवर, आधीच्या माणसाने बनवून ठेवलेली डेबियनची इमेज (सगळ्या मशीनवर टाकायची तयार सिस्टीम), रूट रीड-ओन्ली आणि त्यावर रॅममधला ओव्हरले (बदल साठवणारा वरचा थर). काम दोन्हीकडे तेच, सकाळी लॉगिन, रिमोट डेस्कटॉप, शिवाय लोकल ब्राउजरमध्ये एकदोन साइट आणि एक मीटिंगचं अ‍ॅप.

दुखणं असं की दुपारी दोन-अडीचनंतर विंडोजवाली मशीनं एकेक करून मरायला लागतात. आधी ब्राउजर अडकतो, मग डिस्कवर जागा नाही असा मेसेज येतो (सी ड्राइव्हला १४ जीबी मोकळी दिसत असताना!), मग माउस हलतो पण बाकी काही हलत नाही. माणूस बटण दाबून बंद-चालू करतो आणि मशीन एकदम ताजंतवानं. वरून साहेब म्हणतात लॉग दाखव, कारण सांग. लॉग कुठून दाखवू, रीबूटला सगळं पुसलं जातं ना, इव्हेंट व्ह्यूअर उघडला की रीबूटच्या आधीची शेवटची नोंद इमेज बनवली त्या दिवसाची!

म्हणून मागच्या आठवड्यात टास्क शेड्यूलरमध्ये दर तासाला चालणारी एक स्क्रिप्ट लावली. टेम्प फोल्डर, ब्राउजरची कॅश, जुने लॉग, सगळं उडवते. वाटलं जागा होईल. झालं उलटं, आता मशीनं जेवणाच्या सुट्टीच्या आधीच गोठतायत. डोकं चालेनासं झालंय.

दोनच प्रश्न: लॉग टिकवायचे कसे, आणि फायली साफ करायच्या कशा.

(कमांडी देवनागरीतच लिहितोय, मशीनवर अर्थातच रोमनमध्ये टाकायच्या.)

रात्रपाळी | सोमवार, सकाळी १०:५८

ओव्हरले रॅममध्ये की डिस्कवर? साइज किती? यूडब्ल्यूएफएमजीआर गेट-कॉन्फिग मारा आणि ओव्हरलेचं गेट-कन्झम्प्शन (तो किती भरलाय) दुपारी गोठायच्या आधी बघा. सी ड्राइव्हची मोकळी जागा बघू नका, तिचा इथे काही संबंध नाही.

खटपट्या | सोमवार, दुपारी १:३५

हे घ्या. ओव्हरले रॅममध्ये, मॅक्सिमम साइज १०२४ एमबी, वॉर्निंग ५१२, क्रिटिकल १०२४. आधीच्या माणसाने बहुतेक काही बदललंच नाही. आत्ता एका मशीनवर कन्झम्प्शन ९७१ दाखवतंय, बाईंना सांगितलं फाइल सेव्ह करून घ्या. हे लिहीपर्यंत ९८८.

जुनी वायर | सोमवार, दुपारी २:२०

खटपट्याभाऊ, तुमचा आजार कळला. तुम्ही घरातला कचरा काढताय पण भरलीये ती कचराकुंडी, आणि ती फक्त रीबूटलाच रिकामी होते.

यूडब्ल्यूएफ फाइल बघत नाही, सेक्टर बघतं. सी ड्राइव्हच्या एखाद्या सेक्टरवर कोणी लिहायला गेलं की ते लिखाण अडवून रॅममधल्या ओव्हरलेत ठेवतं. तो सेक्टर एकदा ओव्हरलेत आला की रीबूट होईपर्यंत तिथेच. तुम्ही फाइल डिलीट केली तर विंडोजच्या लेखी ती गेली, पण ओव्हरलेतली जागा परत मिळत नाही. उलट डिलीट करणं हेसुद्धा एक लिखाणच, फाइल टेबलात बदल होतो, तोही ओव्हरलेतच जातो. फार तर एनटीएफएसने (विंडोजची फाइलसिस्टीम) तेच सेक्टर पुन्हा वापरले तर आकडा वाढणार नाही, पण ते तसं करेल याची खात्री कोण देणार.

आता तुमची स्क्रिप्ट काय करते बघा. ब्राउजरची कॅश उडवते, ब्राउजर लगेच तीच चित्रं नव्याने उतरवून नवीन सेक्टरवर लिहितो. तासाला एकदा. स्क्रिप्ट स्वतःचा लॉग लिहीत असेल, कुठली फाइल उडवली वगैरे, तर ते वेगळंच. म्हणजे दिवसाचं पाणी तुम्ही दर तासाला नव्याने ओतताय.

पहिलं काम, ती स्क्रिप्ट आजच बंद करा. आणि बंद करताना फिल्टर काढून, बदल करून, फिल्टर परत लावा, नाहीतर उद्या सकाळी ती पुन्हा जिवंत होऊन बसलेली असेल. हसू नका, मी हे स्वतः केलेलं आहे, तीन दिवस.

खटपट्या | सोमवार, दुपारी २:३१

अरे देवा. हो, स्क्रिप्ट लॉगही लिहिते. प्रत्येक फाइलचं नाव, वेळेसकट. मला वाटलं होतं व्यवस्थित काम केलं.

बिनधास्त_बीट | सोमवार, दुपारी ३:०५

यूडब्ल्यूएफ काढूनच टाका की राव. ३२ जीबी आहे, भरली तर भरली. फुकटची कटकट.

रात्रपाळी | सोमवार, दुपारी ३:१२

आणि मग ११० मशीनवर कोणी काय इन्स्टॉल केलं ते हिंडून बघत बसा. शिवाय ती ईएमएमसी आहे, दिवसभर लहान लहान लिखाण करत राहिलात तर झिजते, आणि बोर्डावर सोल्डर केलेली असते, काढून बदलता येत नाही. फिल्टर मशीनचं आयुष्य वाढवण्यासाठीच असतो.

जुनी वायर | सोमवार, संध्याकाळी ५:४०

रात्रपाळीशी सहमत. साइज वाढवा पण विचार करून. ४ जीबी रॅममधून २ जीबी ओव्हरलेला दिले तर रिमोट डेस्कटॉप, ब्राउजर आणि मीटिंग अ‍ॅप उरलेल्या २ मध्ये भांडत बसणार. मी १५३६ वर ठेवलं असतं. साइज बदलताना चालू सेशनमध्ये फिल्टर बंद असावा लागतो, म्हणजे डिसेबल, रीबूट, सेट-साइज, एनेबल, परत रीबूट. आणि वॉर्निंग-क्रिटिकलचे आकडे खाली आणा, तुमचा क्रिटिकल १०२४ आणि मॅक्सिममही १०२४, म्हणजे घर पेटल्यावर धुराचा अलार्म.

डिस्कवरचा ओव्हरलेही असतो. सांगितलेल्या साइजची फाइल आधीच बनवून ठेवतो, रॅम वाचते. विंडोज १० च्या १८०३ पासून त्यात फ्रीस्पेस पासथ्रू आहे, म्हणजे मोकळ्या जागेवरचं लिखाण ओव्हरलेत न नेता सरळ डिस्कवर जातं. पण मग झिजेचा प्रश्न परत आला. ज्याचा त्याचा निर्णय.

एक्सक्लूजनचा मोह मात्र आवरा. लोक सुरुवातीला एक फोल्डर वगळतात, मग दोन, सहा महिन्यांनी निम्मा ड्राइव्ह वगळलेला असतो. विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स हे फोल्डर आख्खे वगळताच येत नाहीत, आतले उपफोल्डर येतात. आणि वगळल्यावर रीबूट लागतो, हे विसरून लोक दोन तास का चालत नाही म्हणून बघत बसतात.

शून्य_अंश | सोमवार, रात्री ९:१५

सगळे ओव्हरलेवरच बोलताय, त्यांचा पहिला प्रश्न लॉगचा होता.

माझं मत स्पष्ट आहे, थिन क्लायंटवर लॉग टिकवायचे नसतात, ते जन्मल्या जन्मल्या बाहेर पाठवायचे असतात. इव्हेंट लॉगचं फोल्डर यूडब्ल्यूएफमधून वगळून डिस्कवर लिहिता येतं, पण मशीन पूर्ण मेलं तर ते काढायला तुम्ही मशीनपाशी जाणार, म्हणजे सोय काय झाली.

विंडोजमध्ये इव्हेंट फॉरवर्डिंग (नोंदी दुसऱ्या सर्व्हरवर पाठवणं) फुकट आहे, कसला एजंट लागत नाही. एका सर्व्हरला कलेक्टर करा, त्यावर वेकयूटिल क्यूसी मारा, म्हणजे कलेक्टरची सर्व्हिस चालू होईल. सबस्क्रिप्शन (कोणते इव्हेंट मागवायचे ते) सोर्स इनिशिएटेड घ्या, म्हणजे क्लायंट स्वतःहून येऊन नोंद करेल, ११० नावं हाताने भरायला नकोत. ग्रुप पॉलिसीत टार्गेट सबस्क्रिप्शन मॅनेजरचा पत्ता द्या. विनआरएम (हे इव्हेंट वाहून नेणारी विंडोजची सर्व्हिस) ५९८५ पोर्टवर चालतं, एचटीटीपीएस असेल तर ५९८६, मधल्या फायरवॉलवाल्याला आधीच मस्का लावून ठेवा.

महत्त्वाची गोष्ट: सबस्क्रिप्शनच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'नॉर्मल' ठेवू नका. नॉर्मलमध्ये पाच इव्हेंट साठले की किंवा पंधरा मिनिटं झाली की पाठवतो. तुमच्याकडे माणूस चिडून पॉवरचं बटण दाबणार, आणि तुम्हाला हवी असलेली शेवटची दहा मिनिटं नेमकी त्या न गेलेल्या गठ्ठ्यात असणार. मिनिमाइज लेटन्सी घ्या, त्यात ३० सेकंद. बँडविड्थ वाचवणारा पर्याय तर सहा तास थांबतो, त्याच्याकडे बघूसुद्धा नका.

आणि सगळंच मागवू नका हो. ११० मशीनचा सगळा इन्फर्मेशन लेव्हलचा लॉग म्हणजे गवताची गंजी. सिस्टम आणि अ‍ॅप्लिकेशनमधले एरर-वॉर्निंग, यूडब्ल्यूएफचे इव्हेंट, लॉगिन-लॉगआउट, आणि बिट्स-क्लायंटचा (बिट्स म्हणजे मागच्या मागे फायली उतरवणारी विंडोजची सर्व्हिस) ऑपरेशनल लॉग. हा शेवटचा का ते नंतर कळेल.

खटपट्या | बुधवार, सकाळी ११:२०

स्क्रिप्ट बंद, ओव्हरले १५३६, वॉर्निंग ९००, क्रिटिकल १३००. काल दुपारी चारपर्यंत फक्त ९ मशीनं गेली, आधी ४०-४५ जायची. कलेक्टर उभा केला, इव्हेंट यायला लागले, फार भारी वाटतंय. पण सिक्युरिटी लॉगमधलं काहीच येत नाही. सिस्टम येतं, अ‍ॅप्लिकेशन येतं, लॉगिनचं नाही.

शून्य_अंश | बुधवार, सकाळी ११:३४

नेहमीचं. फॉरवर्डिंग नेटवर्क सर्व्हिसच्या नावाने वाचतं आणि त्याला सिक्युरिटी लॉग वाचायची परवानगी नसते. क्लायंटवर इव्हेंट लॉग रीडर्स ग्रुपमध्ये नेटवर्क सर्व्हिसला घाला, रीबूट करा. आणि हे इमेजमध्येच करा, फिल्टर बंद करून. तसंच विनआरएम आपोआप सुरू व्हायचं सेटिंगही. चालू मशीनवर केलंत तर रीबूटला गंगेत.

खटपट्या | बुधवार, दुपारी १२:५०

आलं! धन्यवाद ताई. आता लिनक्सवाल्यांचं सांगा कोणीतरी. तिथे मशीन गोठत नाहीत पण पाचसहा मशीन लॉगिनलाच रॅम संपल्यासारखी वागतात. लॉगरोटेट (जुना लॉग बाजूला काढून नवा सुरू करणारा प्रोग्रॅम) लावलेला आहे, डेली, सात ठेवा. तरी फायली फुगतात.

पेंग्विनकाका | बुधवार, संध्याकाळी ६:०५

आमचं खातं आलं.

डेली कधी चालणारच नाही तुमच्याकडे. लॉगरोटेट शेवटचं कधी फिरवलं ते एका स्टेट फाइलमध्ये लिहून ठेवतो, ती व्हार-लिबच्या खाली असते. नोंद नसलेली लॉग फाइल पहिल्यांदा दिसली की तो ती फिरवत नाही, नुसती आजची तारीख टाकून पुढे जातो. तुमचं मशीन रोज रात्री बंद, ओव्हरले पुसला, स्टेट फाइल गेली, सकाळी लॉगरोटेट पुन्हा म्हणतो 'हो का, नवीन दिसताय', आणि तारीख टाकतो. त्याच्या आयुष्यात उद्या येतच नाही. डेली काढा, साइजवर लावा, ५ एमबी झाली की फिरव, एकच जुनी ठेव, आणि टाइमर तासाला करा.

जर्नल (सिस्टमडीचा स्वतःचा लॉग) वेगळं बघा. जर्नलडीच्या कॉन्फिगमध्ये स्टोरेज व्होलाटाइल करा, म्हणजे ते रनच्या खाली रॅममध्येच राहील, आणि रनटाइममॅक्सयूज हाताने द्या, मी ३२ एमबी देतो. दिलं नाही तर त्या फाइलसिस्टीमच्या १० टक्क्यांपर्यंत जातं. आणि व्हॅक्यूम मारून जागा सुटत नाही अशी तक्रार घेऊन येऊ नका, व्हॅक्यूम फक्त बाजूला ठेवलेल्या जुन्या फायली काढतो, चालू फाइलला हात लावत नाही, आधी रोटेट मारायचं मग व्हॅक्यूम.

टेम्प साफ करायला सिस्टमडी-टीएमपीफाइल्स आहेच, बूटनंतर १५ मिनिटांनी एकदा आणि मग रोज. पण त्याच्या मूळ नियमात टेम्पला १० दिवस आणि व्हार-टेम्पला ३० दिवस आहेत. रोज पुसल्या जाणाऱ्या मशीनवर १० दिवस जुनी फाइल जन्मालाच येत नाही. नियम तासांत लिहा.

विंडोजपेक्षा एक सुख आहे, इथे ओव्हरलेच्या वरच्या थरातली फाइल पुसली की रॅम खरोखर सुटते. अट एकच, कोणी ती उघडून धरलेली नसावी. डीएफ (डिस्क किती भरली) म्हणतंय भरलंय, डीयू (दिसणाऱ्या फायलींची बेरीज) म्हणतंय रिकामं, असं दिसलं की एलएसओएफ प्लस एल१ मारा, पुसलेली पण धरून ठेवलेली फाइल दिसते. चालू लॉग पुसायचा नाही, ट्रंकेट करायचा, म्हणजे फाइल ठेवून आतून रिकामी.

राहिलं पाचसहा मशीनचं. तुमच्या इमेजमध्ये, म्हणजे खालच्या रीड-ओन्ली थरात, व्हार-लॉगमध्ये आणि यूजरच्या होममध्ये काय काय आहे ते बघून इथे टाका. मला संशय आहे.

खटपट्या | गुरुवार, सकाळी १०:१०

काका, पाया पडतो. होममध्ये डॉट-एक्ससेशन-एरर्स नावाची फाइल, ३८० एमबी! उघडून बघितली, एकच ओळ हजारो वेळा, कुठल्यातरी पॅनेलला आयकॉन सापडत नाहीये म्हणून. इमेज सील करताना कोणी पुसलीच नाही. पण ती तर खालच्या थरात, रॅम का खाईल?

पेंग्विनकाका | गुरुवार, सकाळी १०:४५

कारण ओव्हरलेएफएस खालच्या फाइलमध्ये एक ओळ जोडायची म्हटली तरी आधी ती आख्खी फाइल वरच्या थरात कॉपी करतो. कॉपी-अप म्हणतात. यूजरने लॉगिन केलं, पॅनेलने पहिली कुरकुर लिहिली, आणि त्या एका ओळीसाठी ३८० एमबी रॅममध्ये. टीएमपीएफएसला (रॅममधली फाइलसिस्टीम, वरचा थर तिच्यातच) साइज दिली नसेल तर ती रॅमच्या निम्मी असते, २ जीबीच्या मशीनवर तुमचा एक तृतीयांशाहून जास्त ओव्हरले नमस्कार-चमत्कारातच संपला. पाचसहाच मशीन का, तर बहुतेक तेवढीच २ जीबीवाली असतील.

इमेज सील करायच्या आधी सगळे लॉग शून्यावर आणायचे, हिस्टरी, कॅश, एपीटीच्या (पॅकेज इन्स्टॉलर) डाउनलोड केलेल्या फायली, कोअरडंप (प्रोग्रॅम कोसळल्यावर उरणारी फाइल) सगळं. हाच खरा क्लीनअप. चालू मशीनवर झाडू मारणं ही पुढची गोष्ट.

खटपट्या | गुरुवार, सकाळी १०:५२

सहा मशीन. २ जीबीवाली. सहाच्या सहा.

बिनधास्त_बीट | गुरुवार, सकाळी ११:०१

काका _/\_

रात्रपाळी | गुरुवार, दुपारी १:१५

लिनक्सचे लॉग बाहेर पाठवताना आमच्याकडे झालेला घोळ सांगतो, तुमचा वाचेल. आरसिसलॉगने (लिनक्सचे लॉग गोळा करून पाठवणारा प्रोग्रॅम) टीसीपीवर पाठवत होतो (कॉन्फिगमध्ये एक अ‍ॅट म्हणजे यूडीपी, दोन अ‍ॅट म्हणजे टीसीपी). एकही ओळ हरवायला नको म्हणून कोणीतरी हुशारीने रिझ्यूम रिट्राय काउंट उणे एक ठेवला, म्हणजे कायम प्रयत्न करत राहा, आणि त्या पाठवण्याच्या अ‍ॅक्शनला स्वतःची क्यू (मेसेजची रांग) दिली नाही. एका रविवारी लॉग सर्व्हर मेंटेनन्सला बंद, इकडे मुख्य क्यू भरली, आरसिसलॉग अडकला, त्याच्यामागे सिसलॉगला लिहिणारं प्रत्येक प्रोसेस अडकलं. सोमवारी सकाळी लॉगिन होईना. लॉग पाठवता येत नाहीत म्हणून माणसं कामाला बसू शकत नाहीत, हे साहेबांना समजावून सांगण्याचा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

क्यू द्या, लिंक्डलिस्ट, मर्यादा घाला, भरली की कमी महत्त्वाचे मेसेज टाकून दे म्हणा. थिन क्लायंटवर डिस्कवाली क्यू देऊन उपयोग नाही, डिस्क म्हणजे तीच रॅम. ट्रॅफिक बाहेरच्या नेटवर्कमधून जात असेल तर टीएलएस, ६५१४ पोर्ट.

शून्य_अंश | गुरुवार, दुपारी २:४०

यात भर. ५० मशीन एकाच इमेजची म्हणजे होस्टनेम तेच, ईटीसीतला मशीन-आयडीही (मशीनचा ओळख क्रमांक) तोच. लॉग सर्व्हरवर ५० जण एकाच नावाने बोलतात. मशीन-आयडी सारखा असला की काही डीएचसीपी क्लायंट (नेटवर्ककडे आयपी मागणारे) त्यावरूनच ओळख बनवतात, मग दोन मशीनना एकच आयपी मिळाल्याचे चमत्कारही होतात. इमेजमध्ये ती फाइल रिकामी ठेवा म्हणतात, ते साध्या मशीनला ठीक, इथे दर बूटला नवा आयडी तयार होईल. होस्टनेम नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्यावरून बनवायची छोटी सर्व्हिस लिहा, मशीन-आयडी हवा तर कर्नल कमांडलाइनवरूनही देता येतो.

वेळेचंही बघा. जुन्या मशीनची सीमॉस (घड्याळाची) बॅटरी गेलेली असते, एनटीपीने नेटवर्कवरून वेळ लागेपर्यंतचे लॉग भलत्याच सालातले येतात. आरसिसलॉगमध्ये टाइमरिपोर्टेड म्हणजे क्लायंट म्हणतो ती वेळ, टाइमजनरेटेड म्हणजे सर्व्हरला मिळाला ती वेळ. सर्व्हरवर दोन्ही लिहून ठेवा.

उंबरठा | गुरुवार, रात्री १०:२५

वाचतोय. एक शंका, हे सगळं करण्यापेक्षा डीबग लेव्हल (सगळ्यात बारीक तपशिलाचे लॉग) कायमची चालू ठेवली तर जास्त माहिती मिळणार नाही का?

जुनी वायर | गुरुवार, रात्री ११:०२

नाही हो. डीबगला रिमोट डेस्कटॉपचा क्लायंट एका सेशनमध्ये इतकं बरळतो की हवी ती ओळ हरवून जाते. जर्नलडी तर ३० सेकंदांत एका सर्व्हिसचे १०,००० मेसेज झाले की पुढचे गिळतो, आणि नेमका तुमचा एरर गिळलेल्यात असतो. शिवाय डीबगमध्ये यूजरनेम, सर्व्हरचे पत्ते, कधीकधी टोकनसुद्धा उघडे पडतात. एका मशीनवर, तासाभरासाठी, काम झालं की बंद.

खटपट्या | पुढचा मंगळवार, दुपारी ४:३०

मंडळी, सापडलं.

रात्रपाळीने म्हटलं तसं मी कन्झम्प्शनवर नजर ठेवली. दर १० मिनिटांनी आकडा घेऊन इव्हेंटक्रिएटने एक इव्हेंट टाकायचा, तो फॉरवर्ड होऊन कलेक्टरवर. मशीनवर फाइल नाही, काही नाही. तीन दिवसांचे आकडे शेजारी शेजारी लावले. सकाळी ९:१० ला १४०, ९:२० ला १६०, ९:३० ला एकदम ४९०. सगळ्या मशीनवर, रोज, लॉगिननंतर वीसेक मिनिटांनी, ३३० च्या आसपासची उडी.

मग ताईंनी सांगितलेला बिट्सचा लॉग उघडला. इव्हेंट ५९, ट्रान्सफर सुरू. इव्हेंट ६०, ट्रान्सफर थांबलं, शेजारी यूआरएल. ते मीटिंगचं अ‍ॅप! इमेजमध्ये त्याची जुनी आवृत्ती आहे. सकाळी उठतं, नवी आवृत्ती आलीये म्हणतं, उतरवून टेम्पमध्ये ठेवतं, रात्री मशीन बंद झालं की सगळं पुसलं जातं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. ११० मशीन रोज तेच अपडेट उतरवतायत, कोण जाणे किती महिन्यांपासून.

आणि आता माझी स्क्रिप्ट. ती दर तासाला टेम्प उडवायची. म्हणजे उतरवलेलं अपडेटही. अ‍ॅप बघायचं, अरे फाइल गेली, परत उतरवायचं. स्क्रिप्ट चालू होती त्या आठवड्याचे इव्हेंट मिळाले असते तर हेही छापून आलं असतं, पण ते अर्थातच नाहीत. एका मशीनवर मुद्दाम लावून बघितली, ११:०० ला स्क्रिप्ट, ११:१४ ला इव्हेंट ५९. १२:०० ला स्क्रिप्ट, १२:११ ला ५९. वाजतगाजत.

अ‍ॅपचं ऑटोअपडेट बंद केलं, नवी आवृत्ती इमेजमध्ये घातली, काल रात्री सगळीकडे गेली. आज चार वाजता सगळ्यात जास्त असलेलं मशीन ६१० वर.

जुनी वायर | मंगळवार, संध्याकाळी ५:१०

वा! मी ब्राउजरच्या कॅशवर खापर फोडलं होतं, ते अर्धंच खरं निघालं.

आता यादी काढा, आणखी कोण कोण स्वतःला अपडेट करतं. ब्राउजर, विंडोज अपडेट, अँटीव्हायरसच्या सिग्नेचर. हे सगळे रोज सकाळी त्याच चुकीत जागे होतात. विंडोज अपडेटला यूडब्ल्यूएफचा सर्व्हिसिंग मोड आहे (त्यात केलेलं अपडेट टिकतं), रात्री त्यात टाकून करून घ्या.

अवांतर: डोमेनमध्ये असाल तर मशीनच्या अकाउंटचा पासवर्ड साधारण ३० दिवसांनी आपोआप बदलतो, फिल्टरमुळे नवा पासवर्ड रीबूटला पुसला जातो आणि मशीन डोमेनमधून पडतं. त्यासाठी यूडब्ल्यूएफच्या रजिस्ट्री फिल्टरमध्ये डोमेन सीक्रेट की टिकवायचं सेटिंग आहे. तो वेगळा धागा होईल.

उंबरठा | मंगळवार, संध्याकाळी ६:००

मग क्लीनअप स्क्रिप्ट ठेवायचीच नाही का?

पेंग्विनकाका | मंगळवार, संध्याकाळी ६:४८

ठेवा, पण तिला तीन गोष्टी विचारा. फाइल कोणाच्या हातात आहे का, कोणी ती परत बनवणार आहे का, आणि पुसून खरंच जागा सुटते का. प्रिंटचं स्पूल पुसा, पण थांबलेली जॉब बघून, कप्स (लिनक्सची प्रिंट सर्व्हिस) तसंही प्रिंट झालेल्या फायली एक दिवस ठेवून मग आपणच काढतो. कोअरडंप आधी सर्व्हरवर न्या मग पुसा. डाउनलोड फोल्डरला लॉगआउटच्या वेळी हात लावा, मधे नाही, आणि लोकांना आधी सांगून ठेवा. एकदा एका बाईंची दिवसभराची एक्सेल गेली होती, त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

खटपट्या | बुधवार, सकाळी ९:५५

स्क्रिप्ट काढूनच टाकली सध्या. रात्री दोनला सगळ्यांना रीबूट, तीच साफसफाई.

आज कलेक्टरवर ११० पैकी १०७ मशीनच दिसतायत. तीन मशीनं काय करतायत कोणाला माहीत, जाऊन बघतो. पहिलं तर टेबलाखाली आहे आणि त्याची नेटवर्कची वायर उंदराने खाल्लीये.

बिनधास्त_बीट | बुधवार, सकाळी १०:०२

त्याचा इव्हेंट आयडी किती?